ड्रोनचे बिल कोण भरणार?

डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून एक ड्रोन कोविड लसीचे 300 डोस घेऊन उडाला आणि झाप गावी उतरला. रस्त्याने 40 मिनिटांचे अंतर त्याने नऊ-दहा मिनिटांत कापले. जिल्हा प्रशासनाने एक खासगी कंपनी आणि एका वित्तसमूहाचे प्रतिष्ठान यांच्या मदतीने हा प्रयोग केला होता. आदिवासी पाड्यांपर्यंत लस पोहोचवायला असेही साधन आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

दुसऱ्या दिवशीच्या, सहा महिन्यांनंतरच्या, ऐन आषाढातल्या उड्डाणाचे पैसे कोण देणार? गुंतवणूकदाराचा विचार इथून सुरू होतो.

महाराष्ट्राने याआधी मोठे स्वप्न पाहिले होते. सप्टेंबर 2019 मध्ये राज्य सरकार आणि ‘झिपलाइन’ ही अमेरिकी कंपनी यांनी राज्यभर दहा वितरण केंद्रांची योजना जाहीर केली. पहिली दोन केंद्रे पुणे आणि नंदुरबारजवळ व्हायची होती, आणि पहिल्या टप्प्यासाठी सीरम इन्स्टिट्यूट पैसा देणार होती. तंत्रज्ञान हाताशी होते, दाता मिळाला होता, गरज तर होतीच. तरीही ते जाळे राज्यात उभे राहिले नाही.

याच झिपलाइनने 2016 पासून रवांडात काय केले, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवात रक्तापासून झाली, आणि त्यामागे पक्का हिशेब होता. लाल पेशींची पिशवी दोन ते सहा अंश तापमानात साधारण पाच-सहा आठवडे टिकते. प्लेटलेट्सची जेमतेम पाच दिवस, तीही सतत हलती ठेवून. लहान रुग्णालयाने प्रत्येक रक्तगटाच्या पिशव्या ठेवाव्यात तर निम्म्या मुदत संपून फेकाव्या लागण्याची भीती, न ठेवाव्यात तर बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसताना धावपळ. साठा मध्यवर्ती रक्तपेढीत ठेवायचा आणि मागणी आली की स्थिर पंखांच्या ड्रोनमधून, कागदी पॅराशूटला बांधून, रुग्णालयाच्या आवारात सोडायचा, असा मार्ग कंपनीने काढला. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ही सेवा सुरू झाल्यावर वर्षभराने मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्तघटकांचे प्रमाण 67 टक्क्यांनी घटले. रक्त वेळेत पोहोचले आणि वायाही कमी गेले. शिवाय रवांडात या सेवेचा ग्राहक होता सरकार, आणि सेवा रोजची होती.

ग्राहक सरकार असला म्हणजे सगळे निर्धोक, असेही नाही. घानात ही सेवा 2019 पासून आहे. तिथे 2025 मध्ये सरकारकडच्या थकबाकीचा विषय जाहीर चर्चेत आला.

आता आपल्या भागाकडे, संगमनेरकडे येऊ. अकोले तालुक्यातले रुग्ण मोठ्या उपचारासाठी संगमनेरच्या दवाखान्यांत येतात. राजूरच्या पुढे घाटघर, रतनवाडी, पाचनई, कुमशेत ही गावे सह्याद्रीच्या ऐन कुशीत आहेत. भातलावणीच्या दिवसांत साप चावला तर पहिला तास मोलाचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारे प्रतिविष एकच आहे. पण सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. रुग्णाची अवस्था पाहून पुढच्या मागवाव्या लागतात, तेव्हा आकाशमार्ग खरा उपयोगी पडेल. अडचण अशी की रस्ता बंद पडण्याचे आणि लहान ड्रोनला उडता न येण्याचे दिवस इथे एकच असतात: धुवाधार पाऊस, घाटमाथ्यावरचा वारा, दाट धुके. म्हणून एखादी कंपनी उन्हाळ्यातले प्रात्यक्षिक दाखवू लागली, तर जुलैमधल्या उड्डाणांची नोंद मागावी.

इथल्या माणसाला हा धंदा दुधाच्या गाडीवरून चटकन समजेल. गाडी रोज ठरल्या वेळी जाते, लिटर साधारण माहीत असतात आणि पैसे ठरल्या मुदतीत होतात. म्हणून ती चालते. ड्रोनलाही रोजची ठरलेली फेरी हवी, जाताना औषध आणि येताना रक्ताचे-थुंकीचे नमुने हवेत. परतीची फेरी रिकामी गेली तर दर पार्सलचा खर्च दुपटीकडे जातो.

मग सामान्य गुंतवणूकदाराने नेमके काय विकत घ्यायचे? माझ्याकडे गुंतवणुकीचा सल्ला मागायला येणारे बहुतेक जण ‘ड्रोनचा शेअर’ मागतात. नवी मुंबईची आयडियाफोर्ज 2023 च्या जून-जुलैमध्ये बाजारात आली. 672 रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी 1,300 च्या आसपास उघडला आणि पुढे मूळ किमतीच्याही खाली गेला. कंपनी आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभी केली आहे, तिचे काम दर्जेदार आहे. पण तिचा मुख्य व्यवसाय संरक्षण, टेहळणी आणि सर्वेक्षणाचा. तिचा शेअर घेऊन औषधे पोहोचवल्याचे समाधान मिळणार नाही. औषधवाहतुकीत काम करणाऱ्या टेकईगल, रेडविंगसारख्या कंपन्या खासगी आहेत. सूचिबाह्य शेअरमध्ये आज घातलेला पैसा हवा तेव्हा निघत नाही.

तिसरी वाट सोशल स्टॉक एक्स्चेंजची. तिथे पहिला रोखा डिसेंबर 2023 मध्ये सूचिबद्ध झाला. ना-नफा संस्थांचे जे रोखे तिथे मिळतात, त्यांवर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. किमान रक्कम 2025 मध्ये सेबीने 1,000 रुपयांवर आणली. ही देणगीच, फक्त हिशेब मागण्याचा हक्क असलेली. घरच्या अंदाजपत्रकात ती देणगीच्याच खात्यात लिहावी, मुलीच्या शिक्षणाच्या नव्हे.

आणि खासगी कंपनीत भाग घ्यायची संधी आलीच, तर ताळेबंद पुढ्यात घेऊन तीन ओळींखाली रेघ मारावी. उत्पन्नात अनुदान किती आणि सेवेची विक्री किती? विक्रीच्या तुलनेत येणे बाकी किती महिन्यांची? आणि सर्वांत मोठ्या एका ग्राहकाचा वाटा किती? अनुदान वाईट नव्हे. पहिली दोन वर्षे त्यावाचून निघणार नाहीत. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षीही तोच आकडा मोठा असेल, तर रुग्णालयाने या सेवेचे मोल अजून मान्य केलेले नाही.

संगमनेर-अकोल्याच्या या जिल्ह्याला समाजोपयोगी भांडवल नवे नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना 1950 च्या अखेरीस सुरू झाला, तो शेतकऱ्यांनी घेतलेल्या भागांच्या बळावर. भाग घेणारा स्वतः ऊस घालत होता, सभेत प्रश्न विचारत होता, म्हणून त्याच्या पैशावर त्याचाच पहारा होता. ड्रोन कंपनीच्या भागधारकाला ही जवळीक मिळत नाही. ती त्याने मागून घ्यावी. महिन्याला किती फेऱ्या झाल्या, किती रद्द झाल्या आणि का, कोणत्या आरोग्य केंद्रात कोणते औषध किती मिनिटांत पोहोचले, हे आकडे त्याला दर तिमाहीला मिळायलाच हवेत.

ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी परवान्यांचे जंजाळ बरेच सोडवले. मणिपूरमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आयसीएमआरने लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस उडवत नेली. रस्त्याने 26 किलोमीटर, हवेतून 15. तंत्र आले आहे. आता राजूर, अकोले आणि संगमनेरची रुग्णालये व रक्तपेढ्या यांनी एकत्र येऊन किमान तीन वर्षांचा, दर फेरीचा दर आणि पैसे देण्याची मुदत लिहिलेला सेवा करार कोणत्याही कंपनीपुढे ठेवावा. असा करार हातात असलेल्या कंपनीत मी माझ्या अशिलांना थोडा, बुडाला तरी घर हलणार नाही इतका पैसा घालायला मोकळेपणाने सांगेन.