मामांचं डबडं

मामांची लेक घरी आली तेव्हा तिच्या हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. "अण्णांनी सांगून ठेवलं होतं, हे तुमचं तुम्हाला द्यायचं म्हणून." पिशवी उघडली तर आत माझंच जुनं नॅव्हिगेशनचं यंत्र. काचेला चिकटवायचं रबरी बूड वाळून तडकलेलं, आणि चार्जरची वायर जिथे उघडी पडली होती तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळून बांधलेला. तो तुकडा बघितला आणि मग मला तिच्याशी नीट बोलता येईना.

हे यंत्र मी 2010 साली घेतलं. औषध कंपनीत एमआर होतो, दर पंधरवड्याला कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, कणकवली अशी फेरी. ओळखीच्या रस्त्याला यंत्र कशाला, असं बायकोनं विचारलंच. खरं कारण असं, की मला दिशा कळत नाहीत. पुण्यात एकाच चौकात तीनदा येऊन चौथ्यांदा तिथल्याच पानवाल्याला रस्ता विचारायची पाळी माझ्यावर आलेली आहे. तो हसला नाही, पण मान ज्या तऱ्हेनं हलवली ती अजून आठवते. यंत्र मान हलवत नाही. कितीदा चुका, त्यातली बाई त्याच आवाजात पुन्हा हिशेब मांडते. रात्री दोन वाजता सासऱ्यांना घेऊन पुण्यातलं एक हॉस्पिटल शोधलं ते याच डबीच्या जोरावर. रस्त्यावर विचारायला कुत्रंसुद्धा नव्हतं. तेव्हा यंत्राला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही.

पहिल्याच महिन्यात मात्र त्यानं एक गंमत केली. आमच्याकडे गगनबावड्याला नुसतं 'बावडा' म्हणतात. मी तेवढंच टाकलं, आणि त्यानं मला गावातल्या गावात कसबा बावड्याला नेऊन 'आपण पोहोचला आहात' असं इंग्रजीत जाहीर केलं. पंचावन्न किलोमीटरचा प्रवास दहा मिनिटांत.

आता 2011 चा जुलै. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याची मोठी वाटणी जुलै घेऊन जातो. संध्याकाळी साडेसातला मी गावाच्या पुढे, घाटांच्या फाट्यावर होतो. डावीकडे करूळ घाट वैभववाडीला, उजवीकडे भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. वरचं गाव गगनबावडा, पायथ्याचं भुईबावडा. नावं ठेवणाऱ्यानं आभाळ आणि जमीन दोन्ही वाटून दिलेली. कोकणातून वर चढणारं धुकं असं दाटलेलं, की माझ्याच गाडीचं बॉनेट संपतं कुठे ते दिसेना. पडद्यावरचा बाण जागच्या जागी फिरत होता. मी दोष धुक्याला दिला. धुक्यानं उपग्रहाचा संदेश अडत नाही, हे पुढे वाचून कळलं. जागा ठरवायला किमान चार उपग्रह एकदम दिसावे लागतात, ते फिरतात वीस हजार किलोमीटरवर, आणि एका बाजूला कडा आणि डोक्यावर भिजलेली झाडी असली की निम्मं आभाळ कापलं जातं.

चहाच्या टपरीवर थांबलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ, खांद्यावर टॉवेल, मांडीवर घडी केलेली छत्री. एस.टी.त ड्रायव्हर होते, गगनबावडा आगारातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. वैभववाडीला लेकीकडे जायचं होतं आणि शेवटची गाडी चुकली होती. "साहेब, खाली चाललाय न्हवं? मला घ्या." मी घेतलं. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकार करतोय.

बसल्याबसल्या ते म्हणाले, "आधी त्या बाईचा दिवा घालवा." यंत्राचा उजेड काचेवर पडून धुक्यात पांढरा पडदा उभा करत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बंद केलं. "आता काच खाली घ्या. पाऊस येऊ दे आत. अप्पर नको, डिप्पर." मग गिअर. ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरायचं, ब्रेक फक्त आठवणीपुरता. वळणाआधी हॉर्न, मग ऐकायचं. उत्तर आलं तर थांबायचं, कारण घाटात मान चढणाऱ्या गाडीचा. एकेक वळण ते आधी सांगत होते, पुढचं दिसत नसताना. "आता डावीकडं लांबडं. आता हितं कट्टा तुटलाय, आत राहा."

अर्ध्या घाटात त्यांनी एकदम माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांब."

'साहेब' गेलं होतं. मी थांबलो. ते खिडकीतून तोंड बाहेर काढून नाकानं श्वास ओढत होते. "माती फुटलीया. मुळ्यांचा वास येतोय बघ." मला नुसता पाऊस कळत होता. ते उतरले, टॉवेल डोक्यावर घेतला आणि धुक्यात पाच पावलांवर नाहीसे झाले. परत आले ते म्हणाले, "चल, बघ." वीसेक पावलांवर, वळणाच्या पोटात, रस्त्यावर लाल माती आणि तिच्यात एक उपटलेलं झाड, मुळ्या आमच्याकडे करून. मुळ्यांवरून पाणी ठिबकत होतं, तुटलेल्या ठिकाणी आतलं लाकूड अजून पांढरं होतं. दरीच्या बाजूचा कट्टा त्या जागी नव्हता. मी आधीच्याच वेगानं आलो असतो तर काय झालं असतं, हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही.

आम्ही उलट्या गिअरात रुंद जागेपर्यंत मागे आलो. ते अंधारात पुढे उभे राहून हातानं खुणावत होते. रात्र त्यांच्या घरी काढली. मी पैसे काढले तेव्हा त्यांनी ते बघितलेच नाहीत, बघून न बघितल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि ते मला पोरा.

त्यानंतरची चार-पाच वर्षं प्रत्येक फेरीत त्यांच्याकडे चहा ठरलेला. बोलता बोलता रस्ता शिकवायचे. मांडुकलीला कुंभीचं पाणी रस्त्यावर आलं की काय करायचं हा त्यांचा आवडता धडा. पाणी थांबलेलं आहे की वाहतंय ते आधी बघायचं. थांबलेलं असलं तर ती फूग, वाहत असलं तर धार. "फूग असली तर चहा पीत बसायचं. धार असली तर मागं फिरायचं." मी विचारलं, मग गाडी घालायची कशात? "कशातच न्हाई. म्हणून तर रिटायर झालो."

2015 मध्ये माझ्या हातात नवा फोन आला आणि यंत्र खणात पडलं. मामांना कळलं तर म्हणाले, "मग ते डबडं मला दे." मी चकित झालो. दिलं. मुलाच्या वडापच्या जीपमध्ये त्यांनी ते बसवलं आणि त्याची परीक्षा घ्यायला लागले. कुठली वाडी त्याला ठाऊक नाही, कुठला धनगरवाडा भलत्या डोंगरावर दाखवतं. फोनवर तक्रारी मला. वर, त्याच वर्षी भारतानं विमानांसाठी उपग्रहांचे संदेश अधिक नेमके करणारी यंत्रणा सुरू केली, तिचं नाव 'गगन'. मी सांगितलं तर ते इतकंच म्हणाले, "म्हंजे आमचंच की."

एकदा मी त्यांना ऐकवलं, की हा मुलूख वाट सापडू नये म्हणूनच सांभाळलेला आहे. बावड्याची जहागीर पंत अमात्यांची. त्या घराण्यातल्या रामचंद्रपंतांचं मानलं जाणारं 1715 चं आज्ञापत्र गडाच्या वाटा सोप्या ठेवू नका, झाडी वाढवा असं बजावतं. मामा म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. पण त्यांना ड्युटी नव्हती."

मग लेकीच्या मुलाला हाताशी धरून त्यांनी यंत्रात खुणा भरायला सुरुवात केली. मामा सांगणार, नातू टाइप करणार. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत.

2019 च्या एप्रिलमध्ये एका सकाळी फोन. "पोरा, डबडं मागं गेलं. ऑगस्ट 1999 म्हणतंय." मला आधी वाटलं, चष्मा. मग माहिती काढली. हे उपग्रह आठवड्यांचा आकडा पाठवतात आणि तो 1023 पर्यंतच जातो. त्यानंतर पुन्हा शून्य. आधीचा शून्य 1999 च्या ऑगस्टमध्ये पडला होता, आता दुसरा पडला, आणि काही जुनी यंत्रं फसली. समजावायला गेलो तर त्यांनीच मला समजावलं. "म्हंजे किलोमीटरचा काटा. नवाचे नऊ झाले की परत शून्य. गाडी काय नवी हुत न्हाई." मग जोरात हसून, "मी 99 ला ड्युटीवर हुतो. पगार मागू काय परत?" जागा मात्र यंत्र अचूक दाखवत होतं. तारीख तेवढी वीस वर्षं जुनी.

2021 च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी नकाशावर विसंबून निघालेली एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालक बुडाला. मामांनी पेपर वाचून फोन केला. त्या दिवशी चेष्टा नव्हती. यंत्राला शिवीही नव्हती. "पूल होता की तिथं," एवढंच दोनदा म्हणाले. "त्याला पूल दिसला आसंल. पाणी कुणी सांगायचं?" त्या आठवड्यात त्यांनी नातवाकडून आणखी सात-आठ खुणा भरून घेतल्या.

पुढच्या वर्षी थंडीत ते गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

लेकीनं आणून दिलेलं यंत्र मी बरेच दिवस चालू केलं नाही. 2024 च्या जुलैत कणकवलीला जायचं होतं, तेव्हा गाडीत लावलं. शेजारी फोनही होता, उगाच शहाणपणा नको म्हणून. खुणांची यादी उघडली, एकोणपन्नास निघाल्या. 'मांडुकली फूग'. 'मांडुकली धार'. 'कट्टा तुटलेला'. 'म्हातारी चहा, आलं जास्त'. 'हितं शाळंची पोरं'. करूळच्या अर्ध्यात एक होती, 'वास घे'. कोपऱ्यात तारीख डिसेंबर 2004.

करूळ घाट त्या वर्षीच्या जानेवारीपासून काँक्रिटीकरणासाठी बंद होता. फोनला ते ठाऊक होतं आणि तो मला मुकाट भुईबावड्याकडे वळवत होता, हे त्याचं कौतुक केलंच पाहिजे. 2004 मध्ये अडकलेली बाई डावीकडे करूळला चला म्हणत होती. फाट्यावर पडद्यावर मामांचं निशाण आलं. त्यावर एकच शब्द, 'विचार'.

टपरी तीच, माणूस नवा. विचारलं. "हलकी गाडी जाईल की. दुसऱ्या वळणाला माती आलीया, दरीकडनं नको, आतनं काढा." हे फोनला ठाऊक नव्हतं. काच खाली घेतली, डिप्पर, दुसरा गिअर. पाऊस मांडीवर येत होता. यंत्रातली बाई प्रत्येक वळणाला परत फिरा, परत फिरा म्हणत राहिली, आणि मला तिला बंद करवेना. दुसऱ्या वळणाला माती होतीच. आतून काढली.

पायथ्याला धुकं संपलं, भातखाचरं दिसायला लागली. बाई गप्प झाली. पडद्यावर शेवटचं निशाण उगवलं. त्यावर नातवानं लिहिलं होतं, 'भुई लागली'. मी गाडी कडेला घेतली. वायरीवरची ट्यूब सैल झाली होती, ती सोडून पुन्हा घट्ट गुंडाळली.