उचकी

तुमच्या घरी जिला 'हिचकी' म्हणतात, तिला मराठीत 'उचकी' म्हणतात. शब्द वेगळे असले, तरी समजूत एकच. उचकी लागली, की कोणीतरी आपली आठवण काढत आहे! मग घरातील माणसे एकेक नाव घेऊ लागतात. नावे घेता घेता वेळ जातो आणि उचकी आपोआप थांबते, एवढेच त्यातले खरे.

प्रत्यक्षात काय घडते? आपली छाती व पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायूंचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकतो. मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी काही जण पाच मिनिटांत डबा संपवून खेळायला पळतात. असे घाईने खाल्ले, फार पोट भरले किंवा सोडा गटागटा प्यायला, तर हा पडदा कधी कधी एकाएकी आकसतो. हवा झटक्याने आत येते. तेवढ्यात घशातील स्वरतंतू मिटतात आणि 'हिक्' असा आवाज होतो.

अशा वेळी थोडा वेळ श्वास रोखून पाहा, किंवा थंड पाणी घोटघोट प्या. बहुधा तेवढ्याने भागते. मात्र 'माझा पेन तूच चोरलास ना?' असे दरडावून उचकी थांबवण्याची रीत मला मुळीच पसंत नाही. उचकी थांबते, पण भरवर्गात चोर म्हटलेल्या मुलाला पुढे कितीतरी दिवस ते आठवत राहते.

अमेरिकेतील चार्ल्स ऑस्बॉर्न यांना १९२२ साली उचकी लागली, ती १९९० साली थांबली. तब्बल ६८ वर्षे! असे फारच क्वचित घडते. पण उचकी दोन दिवसांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. कारण ती एखाद्या आजाराची खूण असू शकते.

माझ्या नानांची उचकी तीन दिवस थांबेना. भेटायला येणारे हसून म्हणत, "सौदीतला मुलगा आठवण काढतो आहे." नानांना घास गिळवेना, झोप लागेना. तिसऱ्या रात्री नानी म्हणाली, "आठवण काढणारा रात्रभर जागतो काय?" आणि तिने रिक्षा बोलावली. दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा कळले, की नानांची मूत्रपिंडे नीट काम करत नव्हती. त्यामुळेच उचकी लागली होती.

उपचार सुरू झाले. दोन दिवसांनी नाना सलग झोपले. सौदीहून मामांचा फोन आला, तेव्हाही नानीने त्यांना उठवू दिले नाही.