गुडघा कोणापुढे टेकायचा

माझं माहेर मूर्तिजापूरचं, अलायन्स या प्रोटेस्टंट मंडळीतलं. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे डोळे मिटायचे, मान खाली घालायची आणि देवाशी बोलायचं. गीताला उभं राहायचं, उपदेशाला बसायचं. क्रुसाची खूण कोणी करत नसे. कॅथलिक लोकांच्या उठण्या-बसण्याला बाबा ‘कवायत’ म्हणत. त्यात हेटाळणी नव्हती. देवाला अंतःकरण हवं, हातवारे नकोत, असं ते मनापासून मानत. त्यांच्या तोंडून पाठ झालेली बायबलमधली वचनं मला आजही पुरतात.

लग्नानंतर मी नांदगाव पेठला आले. हे इथल्या एमआयडीसीत सूतगिरणीत कामाला. सासर कॅथलिक. रविवारी आम्ही मिस्सेला अमरावतीला जायचो. पहिल्या रविवारी चर्चच्या दारात आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भांड्यातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवली, तीच ओली बोटं माझ्या बोटांना लावली आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी खूण केली. मग बाकाशी येऊन पुढच्या पेटीकडे, म्हणजे पवित्र भाकर ठेवलेल्या टॅबरनॅकलकडे, बघत उजवा गुडघा जमिनीला टेकवला. मी तशीच उभी. मिस्सा सुरू झाली तसे लोक उठत होते, बसत होते, छातीवर मूठ मारत होते, गुडघे टेकत होते. मला पुढचं काही कळेना. आई कानाशी येऊन म्हणाल्या, “हात जोडून उभी राय पोरी. काय म्हनाचं ते मंग शिकशीन.”

त्या जिल्हा रुग्णालयात आया म्हणून निवृत्त झालेल्या. धर्मशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. पण कोणती हालचाल कशासाठी, हे त्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं की सांगायच्या. दारातलं पाणी बाप्तिस्म्याची आठवण. शुभवर्तमान वाचण्याआधी अंगठ्यानं कपाळावर, ओठांवर आणि छातीवर तीन बारीक क्रूस काढायचे: ऐकलेलं डोक्यात राहो, तोंडी येवो, काळजात मुरो. पापकबुलीच्या वेळी छातीवर हात मारायचा तो दुसऱ्याकडे बोट जाऊ नये म्हणून. घरातही त्यांचं हे चालायचं. नातू परीक्षेला निघाला की त्याच्या कपाळावर क्रूस, संध्याकाळी दिवा लावताना क्रूस, भाकरीच्या पिठावरही क्रूस. पुढे माझ्या वाचनात आलं की उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तेर्तुलियन सुमारे १८०० वर्षांपूर्वी हेच लिहून गेला आहे: घराबाहेर पडताना, जोडे घालताना, जेवायला बसताना, दिवा लावताना ख्रिस्ती माणूस कपाळावर क्रुसाची खूण करतो. आईंनी तेर्तुलियनचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या आईनं केलं म्हणून त्या करत होत्या. इतक्या शतकांतून ही खूण आमच्या पिठाच्या परातीपर्यंत पोचली, ती अशाच माणसांच्या हातांनी.

पण मला खरी उकल झाली ती उभं राहण्याची आणि गुडघे टेकण्याची.

आईंचे वडील एका देशमुखाच्या वाड्यावर सालदार होते. त्यांची गोष्ट आई फार क्वचित काढत. एकदा ईस्टरच्या आदल्या रात्री, मुलांना निजवल्यावर, त्या बोलल्या: “वाड्यावर उभं राहाचं तं चपला हातात अन् मान खाली. माह्या बापाची मान तशीच वाकडी झाली होती. पन शुभवर्तमानाले तो ताठ उभा राहे. म्हने, इथं कोनी मले खाली बस म्हनत नाई.”

हे ऐकेपर्यंत मी मिस्सेतलं उभं राहणं ही बसण्या-गुडघे टेकण्याच्या मधली रिकामी जागा समजत होते. तसं ते नाही. इसवी सन ३२५ मध्ये निकेया इथं भरलेल्या धर्मसभेनं एक नियम केला होता: रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत कोणी गुडघे टेकू नयेत, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना करावी. येशू मेलेल्यांतून उठला, त्याच्याबरोबर बाप्तिस्मा घेतलेला माणूसही उठला, म्हणून त्यानं देवापुढे उभं राहायचं. गुडघे टेकणं हे पश्चात्तापाचं, उपवासाच्या दिवसांचं. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये रविवारी गुडघे टेकण्याची चाल नंतर आली आणि आज आपण पवित्र परिवर्तनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतात तेव्हा, गुडघे टेकतो ते त्या थोर क्षणाच्या आदरापोटी. पण शुभवर्तमानाला उभं राहण्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. निकेयाच्या सभेत काय ठरलं हे आईंच्या वडिलांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पाठीला मात्र ते बरोबर कळलं होतं.

मग गुडघ्याचं काय? ज्याला जन्मभर वाकवलं गेलं त्यानं चर्चमध्ये येऊन पुन्हा का वाकावं? हा प्रश्न मी आईंना विचारला नाही, विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर मला बघून बघून मिळालं. मध्ययुगातल्या युरोपात राजापुढे डावा गुडघा टेकवत आणि उजवा देवासाठी राखून ठेवत, अशी एक परंपरा होती. माणसापुढे वाकण्याला त्यात हद्द आखलेली आहे. आणि आपल्याकडे वाड्यापुढे एकटा गडी वाकायचा, बाकीचे बघायचे. इथं सगळे एकाच वेळी वाकतात. पुढच्या बाकावर डॉक्टर, मागे झारखंडहून सूतगिरणीत आलेली पोरं, बाजूला केरळच्या नर्सेस, मेळघाटातून आलेलं एखादं कोरकू कुटुंब. यांतल्या अनेकांना मराठी मिस्सेतले शब्द नीट कळत नाहीत. पण घंटी वाजली की सगळ्यांचे गुडघे एकदमच जमिनीला लागतात. मिस्साग्रंथाच्या नियमांत सगळ्यांनी एकच देहस्थिती ठेवावी असं म्हटलं आहे, कारण ती एकीची खूण आहे. भाषा न कळणाऱ्या माणसाला त्या एकीत पहिला प्रवेश शरीरातूनच मिळतो. मलाही तसाच मिळाला.

शुभ शुक्रवारी तर हे फार उघडं दिसतं. त्या दिवशी मिस्सा नसते. वेदीवर कापड नाही, मेणबत्ती नाही, घंटी नाही. वऱ्हाडातल्या भर दुपारच्या उन्हात लोक येऊन बसलेले असतात. लाल वस्त्रातले फादर काही न बोलता आत येतात आणि वेदीसमोर पालथे पडतात, कपाळ फरशीला लावून. कॅथेड्रलमध्ये बिशपही असेच पडतात. एवढ्या मोठ्या धर्मप्रांताचा प्रमुख सगळ्यांदेखत जमिनीवर पालथा पडतो आणि तिथं कोणी काही बोलत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाबांची ‘कवायत’ आठवली. बाबा तिथं असते तर त्यांनी दुसरा शब्द शोधला असता असं मला वाटतं.

आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, पाय धुण्याचा विधी. पूर्वी नियमानं त्यासाठी पुरुषच निवडत. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये स्त्रियांनाही निवडायची मोकळीक दिली. त्यानंतर एका वर्षी आईंचं नाव आलं. त्या नको नको म्हणत होत्या. टाचेच्या भेगा, दवाखान्यातल्या फरशीवर उभं राहून सुजलेले घोटे. फादर गुडघ्यावर बसले, तांब्यानं पाणी घातलं, टॉवेलनं पाय पुसला आणि पायाचं चुंबन घेतलं. घरी येताना ऑटोत त्या गप्प होत्या. नांदगाव पेठ आल्यावर म्हणाल्या, “फादरनं पाय धरला तं मले बाप आठवला. त्याचा पाय कोनी धरला नाई कधी.”

एका ओळीत गुडघे टेकले म्हणजे जात गेली, असं मात्र मी म्हणणार नाही. तमिळनाडूत वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींचे लोक एकमेकांना दिसू नयेत म्हणून आत भिंत घातलेली होती, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडावी लागली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना लोक तेच गुडघे टेकवत होते. शरीरानं केलेली खूण बाहेर आल्यावर वागण्यात उतरली नाही तर ती खोटी पडते. बाबांचा आक्षेप इथं खरा आहे आणि प्रत्येक कॅथलिक माणसानं तो ऐकावा.

दुसरी एक गोष्ट मला सांगायची आहे, ती आपल्या मातीतल्या खुणांची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भारतातल्या बिशपांनी रोमकडे बारा गोष्टींची परवानगी मागितली आणि २५ एप्रिल १९६९ रोजी ती मिळाली. चपला काढून आत यावं, जमिनीवर बसावं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल नमन करावं, पश्चात्तापविधीत पंचांग प्रणाम करावा, शांतीची खूण हात जोडून द्यावी, मेणबत्त्यांऐवजी समया लावाव्यात, आरती ओवाळावी, असं त्यात आहे. बंगळूरच्या केंद्रातून फादर अमलोरपवदास यांनी हे काम नेटानं पुढे नेलं. त्यातलं आज आमच्याकडे सर्रास टिकलं आहे ते हात जोडून शांती देणं. फादर शांतीची खूण द्यायला सांगतात आणि सगळं चर्च डावीकडे, उजवीकडे, मागे वळून एकमेकांना नमस्कार करतं. युरोपात या जागी हस्तांदोलन करतात. मला आपला नमस्कार जास्त खरा वाटतो, कारण समोरच्यातही देवाची प्रतिमा आहे हे जोडलेल्या हातांना आधीच ठाऊक असतं.

बाकीच्या गोष्टींवर वाद झाले. देवळाची नक्कल म्हणून काही जण रागावले. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारलं की ही संस्कृती कोणाची, उच्चवर्णीयांचीच ना? आईंच्या वडिलांची गोष्ट ऐकल्यापासून मी हा प्रश्न बाजूला सारू शकत नाही. ज्यानं वाड्यापुढे चपला हातात घेतल्या, त्याला चर्चच्या दारात चपला काढताना काय वाटेल? माझं मत असं की आपल्या खुणा घ्याव्यात, पण कोणाच्या अंगावर त्या कशा आठवणी घेऊन येतात हे विचारून घ्याव्यात. पंचांग प्रणाम मी स्वतः घरी करते. गुडघे, तळहात, कपाळ जमिनीला लागलं की माझ्या मनातलं बोलणं थांबतं. चर्चमध्ये मी सगळ्यांबरोबर गुडघा टेकवते.

मिस्सेत पवित्र भाकर, म्हणजे प्रसाद, घेतानाची खूणही आपल्या ओळखीची आहे. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल यांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना शिकवलं की डाव्या हाताचं आसन करून त्यावर उजवा हात ठेवा आणि तळव्याच्या खळग्यात ख्रिस्तशरीर घ्या. आपल्याकडे तीर्थ घ्यायला हात असाच पुढे करतात. जेरुसलेम आणि वऱ्हाड यांची भेट मला त्या तळव्यात दिसते. आज बहुतेक ठिकाणी डावा हात वर ठेवून उजव्यानं उचलून घ्यायला शिकवतात. तेही योग्यच, हात रिकामे आणि उघडे असले म्हणजे झालं.

शरीरानं प्रार्थना करणं ही काही एकट्या कॅथलिकांची मिरास नाही. नागपूर रस्त्यानं आमच्या गावावरून पुढे गेलं की मोझरी लागते, तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांनी देह ठेवला त्या वेळेला, लाखोंचा समुदाय मौन पाळतो. मी शेजारच्या काकूंबरोबर एकदा तिथं गेले होते. सामुदायिक प्रार्थनेला ओळीत ताठ बसलेली माणसं पाहिली आणि मला परकं काहीच वाटलं नाही. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की एकत्र बसणं, एकत्र गप्प होणं हीसुद्धा प्रार्थना आहे.

आईंचे गुडघे आता गेले. डॉक्टरांनी खाली बसायची मनाई केली तेव्हा त्यांना फार लागलं. परिवर्तनाच्या वेळी सगळे गुडघ्यावर आणि आपण एकट्या बाकावर, हे त्यांना सोसेना. पुढे पुढे त्या मिस्सेला यायचंच टाळू लागल्या. मी फादरांना विचारलं. त्यांनी मिस्साग्रंथातला नियमच दाखवला: प्रकृती, जागेची अडचण किंवा असंच दुसरं कारण असेल तर उभं राहता येतं, अशा वेळी परिवर्तनानंतर फादर गुडघा टेकवतात तेव्हा आपण कमरेतून खोल नमन करायचं. आईंना हे सांगितलं. आता त्या पुढच्या बाकाला धरून उभ्या राहतात आणि फादरांबरोबर खोल वाकतात, मग सावकाश ताठ होतात. त्यांचं वाकणं पुरं व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मीही गुडघ्यावरून उठत नाही.

आपल्या घरातली मुलं दारात पाणी घेऊन माशी हाकलल्यासारखी खूण करतात आणि आपण बघत राहतो. त्यांना रागावू नका. प्रथम कोमुनियनच्या तयारीत उत्तरं पाठ करून घेता, तसंच एका रविवारी त्यांना चर्चमध्ये थोडं लवकर न्या आणि प्रत्येक खूण सावकाश करून दाखवा, ती कशासाठी हे तुमच्या शब्दांत सांगा. तुमच्या घरात कोणाची मान वाकवली गेली असेल तर तीही गोष्ट सांगा. आणि ज्यांचे गुडघे गेले आहेत त्या म्हाताऱ्यांना घरी बसू देऊ नका, हाताला धरून मिस्सेला आणा.