थांबते का?

माझ्या चुलत भावाला, बंटीला, सेकंड हँड गाडी घ्यायची होती. एरंडोलहून जळगावला रोज तीसेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. नोकरी एमआयडीसीतल्या दाळ मिलमध्ये, आठवड्याआड रात्रपाळी. बजेट 45 हजार. घरात इंजिनीअर मी एकटा, म्हणून गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, हे कुणी ऐकूनच घेतलं नाही.

मी एक्सेल शीट केली. वर्ष, किंमत, मायलेज, बिघाड.

आमच्याकडे या विषयात दोन पक्ष आहेत. पहिला हिरो होंडाचा. 1985ची सीडी 100, 1994ची स्प्लेंडर. दोन्ही कंपन्या वेगळ्या होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी टाकीवर जोडनाव असलं की विकणारा आधी तेच दाखवतो. या पक्षाचं म्हणणं साधं आहे: कार्ब्युरेटरची गाडी कुठेही बंद पडू दे, प्लग पुसला, जेट फुंकलं की चालू. पिंपळकोठा असो की पाळधी, दुरुस्त करणारा सापडतोच.

दुसरा पक्ष बीएस-6चा. 1 एप्रिल 2020पासून हे नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर सांगतात तेवढंच पेट्रोल इंजिनात जातं. थंडीत चोक ओढायची कटकट नाही. पण पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली तर किक मारून फारसा उपयोग होत नाही. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो आणि रात्री दोनला हायवेवर तो कुठून आणणार?

मी मनाने पहिल्या पक्षात होतो. धुळ्यात 2009ची एक गाडी बघून ठेवली होती. पंधरा वर्षं उलटल्यामुळे आरटीओत पुन्हा नोंदणी करावी लागणार होती, तो खर्च धरूनही ती बजेटमध्ये बसत होती. रविवारी एरंडोलला काकांच्या ओसरीवर मी लॅपटॉप उघडून सगळ्यांना समजावत होतो.

काकू भाकरी थापता थापता आतूनच म्हणाली, "चालू होते का, तेच बघताय सगळे. थांबते का, ते कोण बघणार?"

काका काही बोलले नाहीत. पारोळ्याजवळ पहिल्या पावसात त्यांची गाडी घसरली तेव्हा मी दहावीत होतो. पायात अजून रॉड आहे. माझ्या शीटमध्ये ब्रेकचा रकानाच नव्हता.

त्या रात्री मी भरवसा या शब्दाचे दोन भाग केले. गाडी बंद पडली तर बंटीला उशीर होईल. गाडी थांबली नाही तर?

मग नियम वाचले. एप्रिल 2019पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला. पायाचा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं धरलं जातं. आपल्याकडे घाबरलेला माणूस बहुधा पायच दाबतो, म्हणून ही गोष्ट मोठी. म्हणजे एप्रिल 2019 ते मार्च 2020 या एका वर्षातल्या बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांत कॉम्बी ब्रेकही आहे आणि गावात दुरुस्त होणारा कार्ब्युरेटरही. आम्हाला तीच हवी होती.

अशा तीन गाड्या बघितल्या. सोबत धुळ्याचे मेकॅनिक नाना होते. पहिल्या गाडीच्या इंजिनाला हात लावूनच ते मागे फिरले. इंजिन गरम होतं, म्हणजे आम्ही येण्याआधीच चालू करून ठेवलं होतं. थंड गाडी कशी चालू होते, हेच तर बघायचं असतं. दुसरीचं मीटर 18 हजार दाखवत होतं, पण ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं. तिसरी थंड होती, दुसऱ्या किकला चालू झाली, धूर निळा नव्हता. सरळ रस्त्यावर ती एका बाजूला ओढत नव्हती. मालकाकडे सर्व्हिसच्या पावत्या होत्या.

"वरीस कागदवर ऱ्हास," नाना म्हणाले, "गाडी बोलस ते ऐक, भाऊ."

42 हजारांत जमलं. उरलेल्या तीन हजारांत आधी पुढचं टायर बदललं आणि ब्रेक शू नवे टाकले.

जूनमध्ये बंटीचा फोन आला. पाळधीजवळ पावसात समोर कुत्रं आलं होतं. गाडी सरळ थांबली.

"काकूला सांगितलंस?" मी विचारलं.

"येडा आहेस का, दादा?"