प्रतिज्ञा आणि सक्ती

सर्व विद्यार्थ्यांनीं एका स्वरानें देशभक्तीची प्रतिज्ञा म्हणावी, हें दृश्य मोठें मनोहर असतें यांत शंका नाहीं. परंतु एखाद्या मुलास त्याचा धर्मच ती उच्चारूं देत नसेल, तर शाळेनें काय करावें? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सुमारें तीन वर्षांच्या अंतरानें या प्रश्नाचीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं.

त्या देशाची ध्वजप्रतिज्ञा फ्रान्सिस बेलमी या धर्मोपदेशकानें १८९२ सालीं रचिली. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक ध्वजवंदनास मूर्तिपूजा मानितात. त्यांच्या दोन मुलांनीं तें नाकारिल्यामुळें १९३५ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील एका शाळेंतून त्यांस काढण्यांत आलें. राष्ट्रैक्याच्या नांवाखालीं न्यायालयानें १९४० सालीं आठ विरुद्ध एक मतानें शाळेचा पक्ष उचलून धरिला. आणि त्यानंतर ठिकठिकाणीं या पंथीयांवर जमावांनीं हल्ले केले. पुढें महायुद्ध ऐन भरांत असतां, १४ जून १९४३ रोजीं, वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें आपला निर्णय फिरविला. श्रद्धेचे शब्द कोणाच्याहि मुखांतून बळानें वदवून घेण्याचा अधिकार सरकारास नाहीं, हें न्या. जॅक्सन यांच्या निकालाचें सार होय.

आपल्याकडेहि १९८५ सालीं केरळांत याच पंथाच्या तीन भावंडांस शाळेंतून काढण्यांत आलें. राष्ट्रगीताच्या वेळीं तीं अदबीनें उभीं राहत. मात्र गात नसत. संविधानाच्या २५ व्या कलमानें दिलेल्या धर्मस्वातंत्र्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं त्यांस परत घेण्याची आज्ञा केली.

एकास सूट दिली तर उद्यां दहाजण मागतील, अशी शंका कित्येक घेतील. शिस्तीवांचून वर्ग चालत नाहीं, हें जन्मभर शिकविलेल्या माणसास कोणीं सांगावयास नको. परंतु वर्ग शांत राखणें निराळें आणि मन वांकविणें निराळें. मुकाट्यानें उभा राहणारा मुलगा शिस्त मोडीत नाहीं. आपण संकल्प करितांना 'करिष्ये' म्हणतों. तें आत्मनेपद आहे. यजमानाच्या मनांत नसेल तर पुरोहितानें कितीहि स्पष्ट सांगितलें तरी तो संकल्प होत नाहीं. प्रतिज्ञेचेंहि तसेंच आहे.

आपल्या शाळांतील प्रतिज्ञेंत सर्व देशबांधवांस भाऊबहिणी म्हटलें आहे. शेजारचा मुलगा गप्प कां राहतो, असें घरांतील मुलांनीं विचारल्यास वडील मंडळींनीं त्यांस सांगावें कीं, तोहि त्या भावंडांपैकींच एक आहे. आणि आपण प्रतिज्ञा म्हणावी ती अर्थ समजून म्हणावी.