पालीचं बिऱ्हाड

लेपर्ड गेको नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. माझा पोस्टडॉकचा करार दोन वर्षांचा आहे. लॅबमधली मैत्रीण नवी नोकरी धरून दुसऱ्या देशात गेली, तेव्हा ही पाल माझ्याकडे आली. टाकी मात्र मला नव्याने मांडावी लागली.

ही मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली. हिचं एक भावंडं आपल्या सातपुड्यातही आहे. २०१४ साली त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी ही काचेवर चढत नाही, आणि हिला पापण्या असतात. डोळे मिटून झोपते!

पाल स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही, ती जागा बदलून मिळवते. म्हणून ९० सेंटीमीटर लांब टाकीचं एक टोक ३२ अंशांच्या आसपास, दुसरं २४-२५. लपायला दोन्हीकडे जागा हवी, नाहीतर ऊब की आडोसा यातलं एकच मिळतं. शिवाय ओल्या शेवाळाची एक डबी: ओल नसेल तर कात बोटांना आवळून राहते आणि बोट गळू शकतं. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. खाली वाळूऐवजी कागदी टॉवेल.

पुढचं शहर अजून ठरलेलं नाही. पण घर शोधताना 'पाल चालेल का?' हे आता पहिल्यांदा विचारणार आहे. पालीला झाडूने हुसकावणारी माझी आईसुद्धा हल्ली फोनवर विचारते, "जेवली का गं ती?"