दोन अक्षरांवर थबकलेला संगणक

वडिलांचा जुना ४८६ संगणक गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरून उतरवला. त्यांची पत्रे त्याच्याच हार्ड डिस्कवर, लिनक्समध्ये होती. आवराआवरीच्या भरात मी बूटच्या फाइली दुसऱ्या पार्टिशनमध्ये हलवल्या. संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ ही दोनच अक्षरे उमटली. पुढे काहीच घडेना. पत्रे गेली, असेच वाटले.

मित्रहो, ही खूण ‘लिलो’ची. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९०च्या दशकात रचलेला हा बूटलोडर स्वतःच्या नावाचे एकेक अक्षर टप्प्याटप्प्याने छापतो. अक्षरे जेथे थांबतात, तेथे दोष शोधावा. दोनच अक्षरे दिसली, तर दुसरा टप्पा सुरूच झाला नाही असे समजावे.

यामागे जागेची टंचाई आहे. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि २ बाइट ओळखखुणेला जातात. प्रोग्रॅमसाठी उरतात ४४६. एवढ्यात फाइलव्यवस्था वाचण्याची विद्या मावत नाही. म्हणून लिलो फाइलींची नावे शोधत बसत नाही, त्यांच्या सेक्टरांचे पत्तेच नोंदवून ठेवतो. मी बिऱ्हाड हलवले होते, पण नवा पत्ता कळवला नव्हता.

फ्लॉपीवरून लिनक्स सुरू करून ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा दिली. पत्ते नव्याने नोंदले गेले आणि चारही अक्षरे उमटली. पत्रे जशीच्या तशी होती.

जुन्या यंत्राला हात लावण्यापूर्वी डिस्कची प्रत काढून ठेवावी. मी ती त्या रात्री, सगळे पार पडल्यावर काढली.